सहा खाचांची पेटी

पेटीचं माप मी घेतलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे घरात जे झालं त्याचा सगळा दोष आण्णांच्या माथी मारायची सोय मला होती आणि पुष्कळ वर्षं मी ती वापरली. माहेरचा विषय निघाला की मी म्हणायचे, आमचे आण्णा फार कठोर होते बाई. ऐकणारी मान हलवायची, चहा व्हायचा, विषय मिटायचा. पण मोसंबीच्या खोक्याच्या फळ्यांवर शिवणाच्या टेपनं ज्या खुणा केल्या त्या माझ्या हातच्या होत्या. खडूसुद्धा माझाच होता, शिवणाच्या क्लासातून ढापलेला. आता हाताला कापरं आलंय, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. तेव्हा खरं काय ते लिहून ठेवलेलं बरं.

आण्णा म्हणजे माझे वडील. सनई वाजवायचे. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून आत दोन कोसांवर आमचं गाव आणि गावाच्या कडेला, लोकांच्या उकिरड्यांच्या पलीकडे, आमचं वाजवणाऱ्यांचं घर. आण्णांकडे पाच वाद्यं होती. मुहूर्ताला वाजवायची मोठी सनई, तिला विसावा द्यायचा तेव्हा धाकटी सनई, पंगती बसल्या की हळू आवाजात वाजवायची वीतभराहून थोडी मोठी सुंदरी, एक बासरी, आणि मोडलेल्या एका बँडकडून घेतलेलं काळं क्लॅरोनेट, ते वरातीसाठी. पहाटे ते परसात बसून मोठी सनई घासायला लागले की शेजारच्या कोंबड्यांना आरवायची लाज वाटत असावी. माय चुलीपुढे भाकरी थापत असायची, तिच्या थापांचा आवाज आणि सनई यांचा मेळ कधी बसायचा नाही, आणि आण्णा तिथूनच ओरडायचे, की बये, जरा दमानं थाप. माय थापणं थांबवायची. मग भाकरीला उशीर झाला म्हणून पुन्हा तिलाच बोलणी.

सहावं वाद्य म्हणजे सूर. तो दिसतो सनईसारखाच, पण त्याची भोकं मेणानं बुजवलेली असतात. त्यातून एकच स्वर निघतो. सनईवाला वर काहीही नाचू दे, सूरवाल्यानं तो एकच स्वर खाली अंथरून ठेवायचा, तो तुटू द्यायचा नाही. नाकानं श्वास घ्यायचा, गाल फुगवून साठवायचा, आणि फुंकत राहायचं. हे काम माझा धाकटा चुलता करायचा. किसनकाका. आण्णांना आम्ही 'तुमी' म्हणायचो, किसनकाकाला 'तू'. त्याला अहोजाहो करावं असं त्याला स्वतःलाही कधी वाटलं नसेल. गोल तोंडाचा, गप्पिष्ट, खाण्याचा भोक्ता माणूस. वांग्याचं भरीत असलं की चौथी भाकरी मागताना तो आधी मायकडे बघायचा, मग आण्णांकडे, आणि आण्णांचं लक्ष नसलं तर हात पुढे करायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं. एकदा पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं मुलगा काय करतो, आणि आण्णाच म्हणाले, एकच सूर धरतो, जन्मभर. पाहुणे हसले, चहा पिऊन गेले ते गेलेच. त्यानंतर घरात ती एक गंमतच झाली. काका भाकरी मागायला लागला की आम्ही भावंडं म्हणायचो, काकाचा एकच सूर. मी तर त्याला भोंगा म्हणायचे. तोही हसायचा. तो हसतो म्हणून आम्हाला ते चालतं असं वाटायचं.

पत्तीचं काम मात्र त्याच्याकडेच होतं. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची जी चपटी पत्ती असते तिच्यातच सगळा जीव. ती ओली राहिली तर बोलते, कोरडी पडली तर चिरते, आणि आमच्या भागातला उन्हाळा असा की सकाळी धुतलेलं लुगडं न्याहारीच्या आत कडक होतं. काकाकडे एक पत्र्याची डबी होती. तीत ओलं फडकं, फडक्यावर विड्याचं पान, आणि पानाच्या घडीत पत्त्या. शिवाय कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून एक पत्ती तो खालच्या ओठाआड धरून ठेवायचा, लोक तंबाखू धरतात तशी. बोलायचा, हसायचा, सूर फुंकायचा, पत्ती जागची हलायची नाही. वाजवता वाजवता सनईवरची पत्ती थकली की आण्णा त्याच्याकडे न बघता नुसता तळहात पुढे करायचे. काका ओठाआडची ऊन पत्ती त्या तळहातावर ठेवायचा आणि आण्णा ती तशीच तोंडात घेऊन पुढे वाजवायला लागायचे. यात कुणालाच काही वेगळं वाटायचं नाही. मलाही नाही.

पेटीचं खूळ गेवराईकडच्या एका लग्नात शिरलं. तोवर आमची वाद्यं जुनेऱ्यात गुंडाळून खताच्या रिकाम्या पोत्यात जायची. पोतं काका उचलायचा, फटफटी आण्णा चालवायचे, आणि खड्ड्यांनी सनईच्या टोकाच्या पितळी प्याल्याला पोचे पडायचे. त्या लग्नात मुलाकडच्यांनी बीडहून एक क्लॅरोनेटवाला आणला होता. त्याची काळी पेटी होती, कड्यांची, टक्कन उघडणारी. आत लाल अस्तर. तो ती उघडायचा तेव्हा पोरं गोळा व्हायची. त्याच्या शेजारी काकानं आमचं पोतं सोडलं. नवऱ्या मुलाचा कुणी मामा, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला, जाता जाता थांबला आणि म्हणाला, "काय बे, पोत्यात कोंबड्या आनल्यात का?" सगळा मांडव हसला. काकाही हसला, त्याची सवयच ती. आण्णा हसले नाहीत.

घरी आलो. जेवायला बसलो. हुलग्याचं माडगं होतं, भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. काका नेहमीसारखा लग्नातल्या गमती सांगत होता, नवरीची चप्पल कशी हरवली वगैरे. आण्णांनी त्याच्या ताटातली भाकरी उचलली आणि दारातल्या कुत्र्यापुढे टाकली. म्हणाले, हसायला येतंय ना, मग हसून पोट भर. काका ताटाकडे बघत बसला. मायनं पदर तोंडाला लावला. आम्ही भावंडांनी माना खाली घातल्या आणि जेवण संपवलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं सांगायचं म्हणून लिहिते: मला त्या वेळी दया आली नाही, भूक होती. माडगं गार होण्याआधी संपवायचं एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला परसात बोलावलं. मी तेव्हा शिवण शिकत होते आणि घरातलं काहीही कापायचं, जोडायचं असलं की माझ्याकडे यायचं. ते म्हणाले, पेटी करायची, त्या बीडवाल्याच्या तोंडात मारील अशी. मग धान्याच्या कणगीत हात घालून त्यांनी फडक्यात बांधलेली एक वस्तू काढली. वहीएवढी, जाड, वर दोन बटणं आणि एक फिरवायची कळ. बटण दाबल्यावर तिच्यातून सूर निघाला. अगदी काकाचा. आण्णा म्हणाले, "ही विजेवर चालती, सेलवर बी. हिला फटफटीवर जागा लागत न्हाई अन् ही भाकरी मागत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पेटीत हिची खाच कर. कुनाला बोलू नको. फटफटीवर मागं तू बसशील. बटन दाबायला मानूस लागंलच. हळूहळू सनई बी शिकवीन."

सनई. आमच्या घरात कुठल्या मुलीनं सनईला तोंड लावलं नव्हतं. मी चोरून धाकटी सनई फुंकून बघितली होती, नुसती फुर्र झाली होती. फटफटीवर मागे बसून गेवराई, अंबाजोगाई, केज बघायचं, मांडवात ओट्यावर आण्णांच्या शेजारी बसायचं, आणि वर सनई. एवढं सगळं एका खाचेच्या बदल्यात मिळत होतं. मी विचार केला का? केला. हातपाय धुवून येईपर्यंत केला. मग टेप काढला आणि माप घेतलं.

आणि मग पेटी करायला काकालाच हाताशी घेतलं, कारण लाकडातलं मला काही कळत नव्हतं. हे आज लिहिताना माझा मलाच संताप येतो. त्याला काय आनंद झाला. म्हणाला, आता आपल्याला कुनी कोंबड्या म्हनत न्हाई. फाट्यावर जाऊन त्यानं गॅरेजमधून मोडक्या ट्रकच्या सीटमधला फोम आणला, डोक्यावर घेऊन, दोन कोस चालत. मोसंबीच्या खोक्यांच्या फळ्या काढून खिळे सरळ केले. जुन्या ट्रंकेच्या कड्या उचकटल्या. चुलीवर सरस उकळायला ठेवला, त्याचा असा वास सुटला की माय नाकाला पदर लावून शेजारी जाऊन बसली. विळा निखाऱ्यात तापवून काका फोमवर धरायचा आणि फोम लोण्यासारखा कापत जायचा. वाद्यं एकेक करून फोमवर ठेवून मी खडूनं त्यांच्या कडा आखल्या. काका मला बारकावे सांगायचा, की सनईचा प्याला जरा खोल बसला पाहिजे, क्लॅरोनेट दोन तुकडे करून ठेवायचं म्हणजे पेटी लांबत नाही, सुंदरी निसटते म्हणून तिला गळ्याशी आवळती खाच हवी. एका मंडपवाल्यानं टाकून दिलेली जांभळ्या मखमलीची झालर होती, ती मी अस्तराला लावली. पत्त्यांसाठी कोपऱ्यात मखमलीचाच एक सुंदर कप्पा केला, वर टिचबटण. ते चार दिवस माझ्या लहानपणातले फार चांगले दिवस होते. काका गोष्टी सांगत होता, मी हसत होते, आणि रोज संध्याकाळी फोमचे काळे कण आमच्या दोघांच्या नाकपुड्यांत असायचे.

पाच खाचा झाल्यावर मी सहावी आखली. चौकोनी. काकानं विळा तापवला, खाच कापली, कापलेला चौकोन अलगद उचलून बाजूला ठेवला. मग आत जाऊन आपला सूर घेऊन आला आणि एकेका खाचेत धरून बघायला लागला. सनईच्या खाचेत तो थोडा लांब पडत होता. चौकोनात तर आडवा-उभा कसाच बसत नव्हता. त्यानं खुणांकडे बघितलं, खडू बघितला, मला बघितलं.

"शकू, मपल्या सुराची खाच कुटंय गं?"

मी म्हणाले, सूर कापडातच बरा राहतो, लाकूड जुनं आहे त्याचं. तो म्हणाला, मग हा चौकोन कावून? मी म्हणाले, मला काय माहीत, आण्णांनी सांगितलं. त्याची नजर विळ्यावरच्या विझत्या लालीकडे होती. म्हणाला, बरं. आणि चौकोनाच्या कडा पुन्हा विळा तापवून नीट गुळगुळीत करून दिल्या, कारण एक कोपरा वाकडा गेला होता. त्याला वाकडं काम बघवायचं नाही.

पेटी झाली त्या दिवशी आण्णांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. पाच वाद्यं पाच खाचांत बसवली, मग फडक्यातून ती वस्तू काढून चौकोनात ठेवली आणि बटण दाबलं. ओसरीभर सूर पसरला. माय काकाकडे बघायचं टाळत होती. काका मात्र मान कलती करून ऐकत होता. त्याला कानांचा खोटेपणा जमत नसे. म्हणाला, "गार हाय जरा. पन खरा हाय." मग विचारलं, "दम घेत न्हाई व्हय हे?"

"दम बी घेत न्हाई अन् जेवत बी न्हाई," आण्णा म्हणाले. एवढ्यावर त्यांनी वीस वर्षांची जोडी संपवली. पेटीच्या कड्या लावल्या, टक्कन आवाज झाला, आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला, कारण कड्या फार छान बसल्या होत्या.

पहिलं लग्न घाटनांदूरचं लागलं. आण्णांनी काकाला सांगून टाकलं होतं की यायचं नाही. मालकानं दोनच माणसं सांगितली आहेत, असं त्यांनी कारण दिलं. आम्ही पहाटेच फटफटीवर निघालो. पेटी माझ्या मांडीवर, माझे हात तिच्याभोवती. रस्ताभर ऊन चढत होतं आणि मी मात्र रस्त्याकडेच्या प्रत्येक माणसानं आमच्याकडे बघावं म्हणून ताठ बसले होते. मांडवात पोचलो तर वाजवणाऱ्यांच्या ओट्यावर किसनकाका बसलेला. अंघोळ केलेला, धुतलेली टोपी, मांडीवर कापडात गुंडाळलेला सूर. तो आदल्या दिवशी दुपारीच घरातून निघून फाट्यावरून ट्रक बदलत बदलत आला होता, आणि रात्री तो घरी नव्हता हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आम्हाला बघून त्यानं सरकून जागा केली. त्याला वाटलं असावं, एवढ्या लांब आलेल्या माणसाला चार लोकांत कोण हाकलणार. आणि आण्णा एकवेळ लोकांची भीड ठेवून वागलेही असते. पण मी पेटी उघडली, पोरं गोळा झाली, लग्नाचे मालकही बघायला आले. मोठे शेतकरी होते, गावच्या राजकारणातले, बोलायला मोकळे. पेटीचं कौतुक करून झाल्यावर त्यांनी काकाकडे बोट केलं आणि विचारलं, हे कोण, तुम्ही तर दोघं येणार होता.

आण्णांनी क्षणभरही वेळ लावला नाही. "गावचा हाय आमच्या. जेवायला आलाय," ते म्हणाले.

मालक हसले. त्यांनी माझ्याकडे वळून सहज विचारलं, "खरंय का पोरी?"

काका माझ्याकडे बघत होता. घाबरून नाही, रागानंही नाही. फोमवर माझी खूण वाकडी गेली की मी ती कधी पुसते याची वाट बघायचा, तसा. मी नुसतं काका म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी नाही म्हटलं तर परत जाताना फटफटीवर मागे कोण बसणार, हा हिशोब माझ्या डोक्यात इतका स्वच्छ मांडलेला होता की आजही मला तो तसाच आठवतो.

"व्हय," मी म्हणाले.

मालक भले माणूस निघाले. म्हणाले, जेवायला आलाय तर उपाशी कशाला ठेवायचा, पहिल्या पंगतीला बसवा. दोघा पोरांनी काकाला हाताला धरून ओट्यावरून उतरवलं आणि मांडवाच्या मागच्या बाजूला पत्रावळीवर नेऊन बसवलं. सूर त्यानं मांडीखाली घेतला. मी चौकोनातल्या त्या वस्तूचं बटण दाबलं. सूर सुरू झाला. कुणाच्याही लक्षात आलं नाही की काही बदललंय.

मग आण्णांनी मोठ्या सनईला पत्ती बसवली आणि फुंकली. चिर्र झालं. पत्ती उभी चिरली होती. दुसरी काढली, तीही चिरलेली. माझ्या मखमलीच्या कप्प्यात, कोरड्या कापसावर, टिचबटणाआड, चारही पत्त्या रस्ताभर उन्हात वाळून खडंग झाल्या होत्या. चौथ्या फुंकेला सनईतून नुसता वारा आला. ओलं फडकं आणि विड्याचं पान माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकाची ती कळकट डबी एवढ्या देखण्या पेटीत ठेवायची मलाच लाज वाटली होती, म्हणून मी ती घरी फडताळात ठेवून आले होते. नवरीला बाहेर आणत होते. भटजींनी इकडे मान वळवली. आण्णांच्या कपाळावर घाम आला, आणि त्यांनी सवयीनं, न बघता, उजवीकडे तळहात पुढे केला. तिथे मी बसले होते. त्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, जा, त्याच्याकडं आसंल.

मी पंगतीत गेले. काकाच्या पत्रावळीवर बुंदी, पुरी, वांग्याची भाजी वाढलेली होती, वाटीत येसराची आमटी. त्यानं अजून घास घेतला नव्हता, म्हणजे पत्ती ओठाआड होतीच. सकाळपासून धरलेली. ओट्यावर आपल्याला बसू देतील या भरवशावर. मी वाकून हळू सांगितलं की सगळ्या चिरल्या, आण्णांनी मागितली आहे. तो म्हणाला, "तुज्या कप्प्यात कापूस होता न्हवं? कापूस सगळं वल पितो. मी तवाच सांगनार व्हतो, पर तुला लई आवडला व्हता कप्पा." मग त्यानं ओठाआडून पत्ती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ओली, ऊन, लहानशी. मी वळले तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"शकू. आन्नाला म्हनावं, गावच्या मानसाची हाय."

मी निरोप सांगितला नाही. आण्णांनी पत्ती घेतली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ती धोतराच्या सोग्याला पुसली. एकदा पुसली, उलटवून पुन्हा पुसली, मग सनईला लावली. मुहूर्त सुंदर वाजला. मालकांनी आण्णांच्या खांद्यावर शाल टाकली आणि पेटीचं पुन्हा कौतुक केलं. काका पोटभर जेवला, हे मी ओट्यावरून बघत होते. बुंदी त्यानं दोनदा मागून घेतली. हात धुतला, मांडीखालचा सूर उचलला, आणि आमच्याकडे न येता रस्त्याला लागला.

परतताना आण्णा फटफटीवरून एवढंच बोलले, की पेटीत पानाची डबी बसव, ओलं फडकं, पान, किसन कसं ठेवायचा ते तुला ठाऊक आहे. मी घरी जाऊन मखमलीचा कप्पा उसवला आणि तिथे ती पत्र्याची डबी बसवली. चपखल बसली. त्यानंतर आण्णांची पत्ती कधी चिरली नाही.

काका घरी आला नाही. पावसाळाभर तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका धाब्यावर भांडी घासायला होता. आम्ही कार्यक्रमाला जाताना तिथूनच जायचो. आण्णा तेवढ्या जागी फटफटी जोरात काढायचे. काका राखेनं माखलेला हात वर करायचा, आणि माझे दोन्ही हात पेटीला असल्यामुळे मला हात वर करता येत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. दिवाळीनंतर तो ऊस तोडायला जाणाऱ्या टोळीबरोबर गेला आणि दर वर्षी जायला लागला. सनई मला आण्णांनी शिकवली नाही. शिकवतो म्हणाले होते ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी तीन वर्षं बटण दाबलं, तेवढंच. पेटी आता माझ्याकडे आहे, अलीकडे नात तीत बांगड्या ठेवते. तिला चौकोनी खाच फार आवडते, कडा किती गुळगुळीत आहेत म्हणते.

माझ्या लग्नात आण्णांनी स्वतः सनई वाजवली. बटण दाबायला धाकटी बहीण बसली होती. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, मी आणि नवरदेव पंगतीत फिरत नमस्कार करत होतो, बरोबर माझे सासरे. शेवटच्या रांगेत, गड्यामाणसांच्या बाजूला, किसनकाका बसला होता. आमंत्रण कुणी दिलं नव्हतं. उसाच्या पाचटानं कापलेले हात, गालफडं बसलेली, छाती बोलताना वाजत होती. सूर बरोबर नव्हता. मी थबकले, तसे सासरेही थबकले. सरळ माणूस होते. त्यांनी विचारलं, हे पाहुणे कोण, आपल्याकडचे का?

मी तोंड उघडलं. अंगावर हळद होती, आण्णा दहा हातांवर वाजवत होते, आणि या नव्या घरात पहिल्याच दिवशी काय काय सांगावं लागेल याचा विचार माझ्या जिभेच्या आधी पोचला. काकानं मला तेवढाच वेळ दिला. मग तो सासऱ्यांकडे बघून हसला, तेच त्याचं जुनं हसू.

"गावचा हाय," तो म्हणाला. "जेवायला आलोय."

सासरे म्हणाले, जेवा जेवा, सावकाश होऊ द्या. वाढप्यानं त्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. मी वाकून नमस्कार केला, जसा ओळीतल्या सगळ्यांना करत होते तसाच, आणि पुढच्या पाहुण्याकडे गेले.